करजक गावाची नोंद : दगड, पटिका आणि लिपी

१/१०
दस्तऐवज कशावर लिहावा, कोणत्या भाषेत लिहावा आणि त्याची प्रत कोणाकडे ठेवावी? मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची माहितीपुस्तके लिहिणाऱ्यांपुढे आज हाच प्रश्न असतो. मावळात तो सुमारे १९०० वर्षांपूर्वी उभा राहिला होता आणि त्यावर एका संघाचा निर्वाह अवलंबून होता.

२/१०
लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्याचे प्राचीन नाव वलूरक. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. वलूरक लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दान दिल्याचे तो सांगतो.

३/१०
पुढे राज्य पालटले. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि त्याच्या नाण्यांवर स्वतःचे ठसे उमटवले. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे अशी हजारो नाणी सापडली. नाण्यावर नवा ठसा मारता येतो. पण शत्रूने दिलेल्या दानाचे काय करायचे?

४/१०
उत्तर त्याच चैत्यगृहावर आहे. या लेखाचा आरंभ झिजला असला, तरी तो गौतमीपुत्राचा मानला जातो. ‘मामाड’ येथील अमात्याला त्यात आज्ञा आहे : मामलाहारातील करजक गाव वलूरकच्या महासांघिक भिक्षूंना द्यावे. ‘मामल’ म्हणजेच आजचे मावळ. दान टिकले, दाता बदलला.

५/१०
त्या आज्ञेतील कळीचा शब्द आहे ‘निबधापेहि’, म्हणजे ‘नोंद करवून घे’. नाशिकच्या लेण्यातील गौतमीपुत्राच्या लेखात ही पद्धत अधिक स्पष्ट दिसते. राजाने आज्ञा तोंडी दिली, अमात्य शिवगुप्ताने ती लिहून घेतली, महास्वामींनी जपली आणि मग ‘पटिका’, म्हणजे दानपत्र, हाती दिले गेले.

६/१०
उषवदाताच्या नाशिक येथील एका लेखातही हाच क्रम आहे. दान निगमसभेत वाचून ऐकवले गेले आणि ‘फलकवारा’त, म्हणजे दप्तरात, नोंदले गेले. दप्तर अधिकाऱ्यांसाठी, पटिका धारकासाठी आणि दगड सर्वांसाठी. एकच मजकूर, पण प्रत्येक माध्यमाचे काम निराळे.

७/१०
दगडाची मर्यादा एकच : त्यावर खाडाखोड होत नाही. नाशिकच्या संघाला पूर्वी दिलेले शेत कसले जात नव्हते आणि ते गावही ओस पडले होते. तेव्हा २४व्या राज्यवर्षी नवी आज्ञा निघाली आणि बदली १०० निवर्तने जमीन मिळाली. जुने दान का बदलले, हे कारणही नव्या लेखात नोंदवले गेले. चांगल्या दस्तऐवजाचा हा गुण आजही तोच आहे.

८/१०
भाषा निवडली ती प्राकृत, लिपी ब्राह्मी. तरीही कालांतराने ब्राह्मी वाचणारे उरले नाहीत. अक्षरे भिंतीवर शाबूत होती, अर्थ मात्र हरवला होता. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचे वाचन सिद्ध केले, तेव्हा या भिंती पुन्हा बोलू लागल्या. माध्यम टिकले म्हणजे मजकूर टिकला, असे नव्हे.

९/१०
मराठा काळात कारभार कागदावर आणि मोडीत चाले. हात न उचलता झरझर लिहिता येणारी ही लिपी कारकुनी कामाला सोयीची होती. पुण्याचे पेशवे दप्तर प्रामुख्याने तिच्यातच आहे. छापखान्यात मात्र बाळबोध रुळली आणि मोडी शाळांतूनही गेली. आज त्या दप्तरातील कागदापेक्षा तो वाचणारा दुर्मीळ झाला आहे.

१०/१०
संगणकावरही हेच घडले. विशिष्ट फॉन्टसाठी टंकलेला मराठी मजकूर तो फॉन्ट नसला की निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. युनिकोड या सामाईक प्रमाणाने ही अडचण दूर केली. त्यात देवनागरी १९९१ साली, ब्राह्मी २०१० साली आणि मोडी २०१४ साली आली. मुक्तस्रोत जगात साध्या मजकुराच्या फाइलला मान आहे तो यासाठीच : ती उघडायला कोणा एका कंपनीचे साधन लागत नाही. करजकच्या भिक्षूंचा हक्क राजा बदलल्यावरही उरला, कारण त्याची नोंद एकाच हाती किंवा एकाच जागी नव्हती.