कोंबड्याचा खटला

आमच्या सासुरवाडीला परसात एक कोंबडा आहे. तो पहाटे साडेतीनला आरवतो, पोस्टमनच्या पोटऱ्यांवर धावून जातो आणि जावई म्हणून माझा काडीचाही मान ठेवत नाही. "याचा एकदाचा निकाल लावा," असं मी दर दिवाळीला सासूबाईंना सुचवत असे.

मग परवा बाझेलची हकीकत वाचली. हे शहर आज स्वित्झर्लंडमध्ये आहे. १४७४ साली तिथं एका कोंबड्यावर रीतसर खटला भरला गेला. गुन्हा काय, तर म्हणे त्यानं अंडं घातलं! कोंबड्याच्या अंड्यातून 'बॅसिलिस्क' निघतो, म्हणजे नुसत्या नजरेनं माणूस मारणारा सर्प, अशी तेव्हा समजूत होती. (असे नजरेनं मारणारे आमच्या बँकेत वरच्या मजल्यावर बसतात.) शिक्षा ठरली : कोंबडा अंड्यासकट जाळायचा. बघायला ही गर्दी लोटली! आणि ज्याच्या धास्तीनं त्याला जाळला, तो बॅसिलिस्क आज त्याच शहरात पाण्याच्या कारंज्यांवर दिमाखात बसलाय.

आता शास्त्र सांगतं, कोंबडीचा सहसा डावाच अंडाशय काम करतो. तो बिघडला की तिचा तुरा वाढतो, कधी ती आरवायलाही लागते. म्हणजे आरोपी बाईमाणूसही असू शकेल! नोंद चुकीच्या खात्यात, आणि खातंच बंद. आमच्याकडे निदान उलटी नोंद तरी करता येते.

या दिवाळीला सासूबाईंनी आपणहून विचारलं, "काय जावईबापू, लावायचा का निकाल?"

"राहू द्या," मी म्हणालो, "आधी तो कोंबडाच आहे ना, ते बघा."