हबसाणातली भाकरी

इथिओपियातले रोजचे अन्न म्हणजे इंजेरा: टेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ आंबवून तव्यावर घातलेली मोठी, जाळीदार पोळी. रत्नागिरीकराला ती पाहून आंबोळी आठवेल. हे साम्य वरवरचे आहे, आंबोळी तांदूळ-उडदाची. खरे नाते आपल्या साध्या खानावळीत मिळणाऱ्या नाचणीच्या भाकरीशी आहे. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेतल्या डोंगराळ प्रदेशातली. इथिओपियात ती ‘दागुसा’ होते आणि तिचे पीठ इंजेऱ्यातही पडते.

आपल्या इतिहासलेखनात मात्र हबशी येतो तो हत्यार घेऊनच. जंजिऱ्याची सत्ता, सिद्दी सात याने १७२७ साली लुटलेले चिपळूणजवळचे परशुराम देवस्थान, बाजीरावाची १७३३ ची मोहीम, तुळाजी आंग्र्यांनी १७४५ मध्ये घेतलेले अंजनवेल. या साऱ्याची पत्रे निघतात, त्यांवर वाद होतात. नाचणी त्याच्या कित्येक शतके आधी येऊन इथल्या मातीत रुजली होती (तेव्हा तिचे श्रेय सिद्दींना देण्याचा मोह आवरलेला बरा). ती आणणाऱ्याचे नाव कोणत्याही बखरीत नाही. भाताच्या खाचरांच्या वर, उताराच्या वरकस जमिनीत ती पिके. खोताचा हिस्सा भातातून गेला की कुळाच्या चुलीवर बहुधा तीच उरे.

२०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात नाचणीचा ‘आपले प्राचीन धान्य’ म्हणून पुष्कळ गौरव झाला. त्यात दागुशाचा उल्लेख वाचल्याचे मला तरी आठवत नाही.