मिलो खाल्लेली माणसं

काही वर्षांपूर्वी आपल्या सर्वसाधारण सभेत पोहण्याच्या तलावाचा ठराव पडला. विरोधात हात वर करणारे आम्ही बहुतेक साठीच्या आसपासचे. "म्हाताऱ्यांनी खोडा घातला," असं जिन्यात ऐकू आलं. माझा मुलगा तर आठवडाभर धड बोलला नाही. त्या हातांमागचा इतिहास आज सांगून टाकतो.

१९७२ साली मी बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात पाचवीत होतो. आधीच ओढ देणाऱ्या पावसानं त्या वर्षी पाठच फिरवली. विहिरीचा तळ उघडा पडला. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची, शाळा सुटली की मी पाटी उचलायला जायचो. दुपारी रांगेत सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो; त्याची भाकरी आईला काही केल्या धड थापता यायची नाही. मे १९७३ मध्ये राज्यभर अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. गावोगावचे कितीतरी पाझर तलाव आणि रस्ते त्यांनीच केले. वि. स. पागे यांनी आग्रह धरलेली रोजगार हमी याच काळात राज्यभर उभी राहिली; तिचा कायदा १९७७ साली झाला.

कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञानं १९२८ मध्ये पिढ्यांवर एक निबंध लिहिला. नुसतं एका सुमारास जन्मून पिढी होत नाही, कोवळ्या वयात एकच घटना अंगावरून जावी लागते, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं. माझे शेजारी माझ्याच वयाचे, पण पुण्यात वाढलेले. त्यांना मिलो आठवतो तो रेशनच्या पिशवीपुरता. त्यांनी तलावाच्या बाजूनं हात वर केला होता! मुलाचं तर साधं गणित: पाणी कमी पडलं, तर टँकर मागवू. टाकी भरून वाहण्याचा आवाज आला की रात्री दोनला उठून मोटर बंद करायला धावतो तो मी.

२०२० च्या टाळेबंदीत फाटकाशी आखलेल्या गोलांत आपण दुधासाठी उभे राहिलो. नात तेव्हा दुसरीत होती. परवा शाळेच्या प्रकल्पासाठी तिनं माझी मुलाखत घेतली. विचारलं, "आजोबा, सुकडीच्या रांगेत चिकटून उभं राहता यायचं?"

"यायचं की! धक्काबुक्कीसुद्धा व्हायची."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. मिलोबद्दल एवढं सांगितलं, त्यातलं काहीच लिहिलं नाही.