सुरतेचा जोडा आणि हरकतीचा मुद्दा

मुंबईला जाताना एक्सप्रेसवेवर टोल भरतो ना, ते उर्से. बहुतेकांना उर्से म्हणजे फक्त टोलनाका माहीत असतो. पण नाक्याच्या पलीकडे एक नांदतं गाव आहे आणि तिथे माझी मावशी राहते. मागच्या शनिवारी तिच्याकडे गेलो, तर मावसबहीण नियमांचा एक गठ्ठा घेऊन बसलेली. अकरावीत आहे. कॉलेजातर्फे 'मॉडेल युनायटेड नेशन्स'ला जायचंय, वाट्याला ब्राझील आलाय. म्हणजे दोन दिवस कोट घालून ब्राझीलच्या वतीने भांडायचं, ठराव मांडायचे आणि मतं द्यायची.

गठ्ठा चाळला आणि मजा वाटली. हजेरीच्या वेळी नुसतं 'हजर' म्हणायचं की 'हजर आणि मतदान करणार' म्हणायचं हे ठरवावं लागतं. दुसरं म्हटलं की मग तटस्थ राहता येत नाही. बोलायला वक्त्यांच्या यादीत नाव लागतं. ठरावाला उपसूचना असतील तर आधी त्यांच्यावर मत आणि मग मूळ ठरावावर. एका नियमाखाली तिने लाल रेघ मारली होती. सभापतीचा निर्णय पटला नाही तर सभागृहाकडे अपील करता येतं. "दादा, चेअरच्या डोक्यावरून जाता येत असेल तर मग चेअर कशाला?" असा तिचा सवाल.

प्रश्न झकास आहे. आणि मंडळी, या प्रश्नाचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९०७ साल, गाव सुरत.

शाळेत आपण शिकलो ते एवढंच: सुरतेला जहाल-मवाळ फूट पडली, जोडा फेकला गेला, संपलं. दोन मार्कांचा प्रश्न. पण भांडण नेमकं कुठल्या क्षणी फाटलं हे बघितलं, तर तो निव्वळ सभाशास्त्राचा मामला निघतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९०६ साली कलकत्त्याला दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसने स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण असे चार ठराव केले. पुढचं अधिवेशन नागपूरला व्हायचं होतं. तिथे स्वागत समितीतच दोन्ही गटांची जुंपली, म्हणून ते सुरतेला हलवलं. सुरत मवाळांचा बालेकिल्ला. टिळकांच्या बाजूला धास्ती अशी की इथे ते चार ठराव पातळ करणार. तसं होणार नाही अशी हमी द्या, मग अध्यक्षपदाला आमचा विरोध नाही, असं त्यांचं म्हणणं. अध्यक्ष म्हणून नाव ठरलं होतं डॉ. रासबिहारी घोष यांचं.

२६ डिसेंबरला अधिवेशन सुरू झालं. घोषांचं नाव सुचवलं गेलं, अनुमोदन द्यायला सुरेंद्रनाथ बॅनर्जी उठले आणि जहालांनी इतका आरडाओरडा केला की दिवसाचं काम तिथेच थांबलं. (हे आपल्या बाजूचं पाप, ते मान्य करायलाच हवं.) दुसऱ्या दिवशी टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांना पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी पाठवली. अनुमोदन झालं की मला बोलायचंय, सभा तहकूब करण्याची सूचना मांडायची आहे, सोबत एक विधायक प्रस्तावही आहे, असा तिचा मतलब. उत्तर नाही. आठवण केली, तरी उत्तर नाही. सुरेंद्रनाथांचं भाषण झालं, मोतीलाल नेहरूंनी पाठिंबा दिला आणि 'हो-नाही'च्या गलक्यात मालवींनी घोष निवडून आले असं जाहीर करून टाकलं.

टिळक उठले आणि थेट मंचावर जाऊन उभे राहिले. मालवी म्हणाले, तुमची सूचना नियमबाह्य. टिळक म्हणाले, मला अध्यक्षांच्या निवडीवर उपसूचना मांडायची आहे. घोषही म्हणाले, नियमबाह्य. टिळकांचं उत्तर असं की तुमची निवड अजून रीतसर झालेलीच नाही, मी प्रतिनिधींकडे अपील करतो.

आता बघा, हे शब्दशः त्या लाल रेघेखालचं वाक्य आहे! आज संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या कामकाजाच्या नियमांत ७१ वा नियम आहे. हरकतीच्या मुद्द्यावर अध्यक्षाने लगेच निर्णय द्यायचा. तो पटला नाही तर कुठलाही प्रतिनिधी अपील करू शकतो. त्यावर लगेच मत घ्यायचं आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने तो निर्णय फिरवला नाही तर तो कायम. दोन मिनिटांचं काम.

सुरतेला ती दोन मिनिटं मिळाली नाहीत. हेन्री नेव्हिन्सन हा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता, त्याने पुढचं लिहून ठेवलंय. टिळक हाताची घडी घालून उभे, काही तरुण त्यांना खाली ओढायला धावले आणि त्यांना आवरायला, टिळकांना वाचवायला दोन्ही हात पसरून पुढे झाले ते गोखले. हो, गोपाळ कृष्ण गोखले! तेवढ्यात मराठी वळणाचा लाल चामड्याचा जोडा उडत आला, सुरेंद्रनाथांना लागला आणि तिथून फिरोजशहा मेहतांना. मग खुर्च्या, काठ्या, पोलीस आणि मंडप रिकामा.

बरोबर कोण होतं? दोघांनाही आपापल्या परीने आपणच बरोबर असं वाटत होतं, आणि खरी गोम तिथेच आहे. मवाळांच्या मते अध्यक्षाचं नाव आधीच ठरलेलं, मंडपातलं सूचक-अनुमोदक प्रकरण निव्वळ उपचार. टिळकांच्या मते सूचना मांडली, अनुमोदन घेतलं, म्हणजे विरोधात बोलायला आणि मत द्यायला वाव असलाच पाहिजे. काँग्रेसचे लेखी नियम तेव्हा फार तुटपुंजे होते, बराचसा कारभार रिवाजावर चालायचा. रिवाज म्हणजे आपल्या भाषेत अनडॉक्युमेंटेड फीचर. सगळे मित्र असेपर्यंत छान चालतं. लोड आला की कळतं, दोन टीम दोन वेगळी स्पेक्स धरून बसल्या होत्या.

याच्या एकतीस वर्षं आधी, १८७६ मध्ये, अमेरिकेत सभेच्या नियमांचं एक छोटं पुस्तक निघालं होतं, 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर'. लेखक हेन्री मार्टिन रॉबर्ट लष्करातला इंजिनियर. १८६३ साली न्यू बेडफर्ड गावात त्याला अचानक एका सभेचा अध्यक्ष केलं गेलं, सभा हाताबाहेर गेली, आणि पठ्ठ्याने ठरवलं की नियम शिकल्याशिवाय पुन्हा अशा सभेला जायचं नाही. अध्यक्षाच्या निर्णयावर अपील त्याच्याही पुस्तकात आहे.

सुरतेच्या सभागृहात मत घेतलं असतं तर टिळक बहुधा हरले असते असं मला वाटतं. पण हरण्यातही फरक असतो. मत मोजून हरलेला माणूस पुढच्या वर्षी जास्त प्रतिनिधी घेऊन येतो. बोलूच न दिलेला माणूस बाहेर पडतो. मग काय झालं? मवाळांनी वेगळं कन्व्हेन्शन भरवलं. एप्रिल १९०८ मध्ये अलाहाबादला काँग्रेसची घटना आणि नियम लिहिले गेले, पण ते अशा बेताने की जहाल दाराबाहेर राहावेत. नियम आले, पण भांडणानंतर आणि एकाच बाजूने लिहिलेले. जुलैमध्ये सरकारने टिळकांना सहा वर्षांची शिक्षा देऊन मंडालेला धाडलं. दुभंगलेल्या काँग्रेसवर सरकारला फार ताकद लावावी लागली नाही. दोन्ही गट पुन्हा एकत्र बसले ते थेट १९१६ ला, लखनौला. तोवर गोखले आणि मेहता दोघेही १९१५ सालीच गेले होते.

हे सगळं कागदावरचं भांडण वाटत असेल तर उर्से गावाशेजारच्या तळेगावात चक्कर मारा. ज्या चार ठरावांच्या शब्दांवरून सुरतेला रण पेटलं, त्यातले दोन तिथे विटा-मातीत उभे होते. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली तळेगावात सुरू झाला, हा स्वदेशीचा ठराव. विष्णू गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय तळेगावातच होतं, हा राष्ट्रीय शिक्षणाचा. १९१० मध्ये सरकारने ते बंद पाडलं. ठरावातला एखादा शब्द पातळ होतो की नाही याची काळजी कुणाला होती, ते इथे कळतं.

तर मग चेअर कशाला? माझं उत्तर असं. चेअर लागतो, कारण हजार माणसं एकदम बोलू शकत नाहीत. आणि अपील लागतं, कारण चेअर हा सभागृहाचा नोकर आहे, मालक नाही. अपिलाने चेअर लहान होत नाही. उलट सभागृहाने उचलून धरलेला निर्णय नुसत्या चेअरच्या निर्णयापेक्षा भक्कम होतो. मालवींनी त्या दिवशी फक्त "ठीक आहे, मत घेऊ" म्हटलं असतं तर जिंकून वर सभ्य ठरले असते.

एमयूएनला हसणारे बरेच भेटतात. कोट घालून खोटी खोटी भांडणं, म्हणे! मला उलट वाटतं. नियमांची सवय करायची वेळ भांडण खोटं असतानाच असते. पुढे सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून खरं पेटतं, तेव्हा अजेंड्यावर काय होतं, उपसूचना कोणी दिली, मत मोजलं का, हे विचारणारा एकजण जरी निघाला तरी पुष्कळ. लोक त्याला 'नियमवाला' म्हणून चिडवतील. चिडवू देत. जोडे पायातच राहतील.