'वेताळ' : एका नामांतराचा इतिहास

अनुवादाच्या इतिहासात नाटके, कादंबऱ्या आणि काव्ये ह्यांची नोंद सावधपणे केली जाते. परंतु ज्या अनुवादावर दोन-तीन पिढ्यांचे बालवाचन पोसले गेले, त्याला त्या इतिहासात सहसा स्थान मिळत नाही. 'इंद्रजाल कॉमिक्स' ही चित्रकथामाला अशांपैकी होय. टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने ती मार्च 1964 मध्ये सुरू केली आणि 1990 मध्ये ती बंद पडली. इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली आदी भाषांतून निघालेल्या ह्या मालेचे आठशेच्या आसपास अंक प्रसिद्ध झाले. तिचा प्रमुख नायक अमेरिकन लेखक ली फॉक ह्याने 1936 साली निर्माण केलेला 'फँटम' हा होता. मराठी वाचकाने मात्र त्याला 'वेताळ' म्हणूनच ओळखले. ह्या एका नामांतराने आपल्या वाचकाला काय दिले आणि त्याच्यापासून काय लपविले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मूळ कथेचे बीज थोडक्यात असे. 1536 साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक युरोपीय तरुण अज्ञात किनाऱ्याला लागतो. पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून दुष्टांच्या निर्दालनाची शपथ घेतो. त्याचा वंश तोच वेष आणि तेच व्रत पिढ्यान्‌पिढ्या चालवितो. आजचा नायक एकविसावा. पण जंगलातील लोकांच्या समजुतीप्रमाणे तो एकच आहे आणि त्याला मरण नाही.

आता ह्या कथेचा भूगोल पाहावा. आरंभीच्या कथांत हा किनारा आशियातला होता. पुढे तो आफ्रिकेत सरकला. देशाच्या नावात बंगालचा ध्वनी होता, चाच्यांच्या टोळीचे नाव 'सिंग' आणि मारेकऱ्याचे नाव 'रामा' असे होते. अमेरिकन वाचकाला दूरत्वाचा आणि भयाचा भास व्हावा म्हणून लेखकाने आपल्याच देशातील नावे उसनी घेतली होती. ही कथा जेव्हा भारतात आली, तेव्हा संपादकांपुढे एक विलक्षण प्रश्न उभा राहिला असला पाहिजे. जी नावे तिकडे केवळ अद्‌भुत वाटत होती, ती इकडे शेजारच्या घरातली होती. म्हणून 'इंद्रजाल'च्या अंकांत देश 'डेंकाली' झाला, टोळी 'सिंगा' झाली आणि रामाचा 'रामालू' झाला. 1996 साली निघालेल्या अमेरिकन चित्रपटातही टोळीचे नाव 'सेंघ' असे किंचित बदललेले आढळते; ते पाहता आपल्याकडे फार आधी झालेली ही दुरुस्ती किती समंजस होती हे ध्यानात येते.

अशा रीतीने खलपुरुषांची भारतीय नावे काढून घेतली गेली आणि नायकाला मात्र भारतीय नाव देण्यात आले. अनुवादात इतका सरळ व्यवहार क्वचितच दिसतो.

परंतु 'वेताळ' हेच नाव का शोभले? इंग्रजी शब्दाचा अर्थ केवळ छाया, आभास, भूत एवढाच आहे. रक्षकपणाचा भाव त्या शब्दात नाही, तो कथेने त्याला दिला आहे. मराठी मनातील वेताळ मात्र मुळातच दुहेरी आहे. एकीकडे तो 'वेताळपंचविशी'तील प्रेतात वसणारा, राजाला कोडी घालणारा वेताळ. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तही ह्या कथा समाविष्ट आहेत. दुसरीकडे तो कोकणात आणि गोव्यात गावाचा रखवालदार म्हणून पुजला जाणारा, भुतांचा अधिपती असलेला देव आहे. पुण्याच्या टेकडीलाही त्याने आपले नाव दिले आहे. भूत आणि राखणदार हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात आधीच नांदत होते. म्हणून मूळ कथेला जे अनेक प्रसंगांनी सिद्ध करावे लागले, ते मराठीत नुसत्या नावाने साधले. बंगालीत हाच नायक 'अरण्यदेव' झाला. तेथे राखणदार उरला, पण भूत गेले. हिंदी 'बेताल' म्हटले की विक्रमाच्या खांद्यावरचा कोडी घालणारा वक्ता प्रथम आठवतो; 1985 मध्ये दूरदर्शनवर आलेल्या 'विक्रम और बेताल' ह्या मालिकेने ते चित्र अधिकच पक्के केले.

ही तुलना भिलाईसारख्या गावी कोणा पंडिताला मुद्दाम करावी लागत नसे. दुर्ग जिल्हा 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. त्यामुळे मराठी कुटुंबे ह्या भागाला परकी नव्हती. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी 1959 मध्ये पेटली आणि त्यापाठोपाठ सर्व प्रांतांची माणसे येथील सेक्टरांतून शेजारी झाली. अशा वसाहतीत घरी मराठी आणि शाळेत हिंदी बोलणाऱ्या मुलाला एकच नायक दोन नावांनी भेटे. शेजारच्या बंगाली घरात त्याला तिसरे नाव असे. ह्याच छत्तीसगडात पेंड्रा येथून 1900 साली 'छत्तीसगढ मित्र' काढणाऱ्या माधवराव सप्रे ह्यांनी 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेले होते. त्या थोर कार्याशी चित्रकथेची बरोबरी करण्याचा हेतू नाही. दोन भाषांच्या मध्ये उभे राहण्याची येथील सवय जुनी आहे, इतकेच सुचवावयाचे आहे.

नायकाची लोकप्रियता पुस्तकाबाहेर पडली, तेव्हा ह्या नामांतराची मर्यादाही दिसून आली. टोकाला लाल ठिपका असलेल्या खडीसाखरी कांड्या मुले सिगारेटसारख्या ओठांत धरीत. त्यांच्या खोक्यावर नाव होते 'फँटम'. वाचावयाचा तो वेताळ आणि चघळावयाचा तो फँटम! कवटीची अंगठी आणि मुखवटा ह्यांना तर भाषाच लागत नव्हती. पडद्यावरील अवतारही (1943 ची पंधरा भागांची मालिका आणि 1996 चा चित्रपट) मूळ नावानेच वावरले. म्हणूनच जुन्या वाचकांच्या बैठकीत जेव्हा साय बॅरीची चित्रे श्रेष्ठ की विल्सन मॅकॉयची, किंवा 1977 साली डायनाशी लग्न होऊन नायकाचे गूढ उणावले काय, असे वाद रंगतात, तेव्हा चित्रपटाचा उल्लेख बहुधा उपचारापुरता होतो. त्यांचे प्रेम ज्या नायकावर आहे, तो पडद्यावर कधी आलाच नाही; तो मराठी अक्षरांत राहिला.

येथे एक आक्षेप विचारात घेतलाच पाहिजे. गोऱ्या पुरुषाने काळ्या लोकांच्या अरण्यात चार शतके न्याय द्यावा आणि त्यांनी त्याला अमर मानावे, ही कल्पना साम्राज्यशाहीच्या मनोराज्यातून आलेली आहे. 'वेताळ' ह्या नावाने तिच्यावर आपल्या ग्रामदेवतेचे पांघरूण घातले. राखणदार देवाला कोणी त्याचा वंश विचारीत नाही. म्हणून आमच्या मुलांनीही तो विचारला नाही. अनुवाद जितका एकजीव, तितकी मूळ कथेची विचारसरणी अदृश्य, हे अनुवादकाने विसरू नये. ह्याच मालेत 1976 साली आबिद सुरती ह्यांनी 'बहादूर' हा भारतीय नायक आणला. तो दरोडेखोराचा मुलगा; पण गावकऱ्यांचे संरक्षक दल उभारून दरोडेखोरांशी झुंजणारा. वेताळ लोकांचे रक्षण करतो, बहादूर लोकांना स्वतःचे रक्षण करावयास शिकवितो. हा फरक लहान नाही. तरीही स्मरणात अग्रस्थान वेताळालाच मिळाले, हे नावाच्या सामर्थ्याचे गमक मानावे लागेल.

ह्या अंकांच्या अनुवादकांची नावे आज फारशी कोणाच्या ओठी नाहीत. एका परक्या नायकाला त्यांनी असे नाव दिले की तो परका आहे ह्याचाच विसर पडला. त्यांच्या यशाचे माप हेच आणि त्यांच्या कृतीवरील टीकेचा आरंभही येथूनच व्हावयास हवा. मराठी अनुवादाचा इतिहास पुन्हा लिहिला जाईल, तेव्हा त्यात ह्या स्वस्त, रंगीत, हाताळून फाटलेल्या पानांना एक प्रकरण द्यावे. त्यांचा केवळ गौरव करण्यासाठी नव्हे, तर त्यांचे परीक्षण करण्यासाठीही.