प्रस्तावना : वार्धक्याची शुश्रूषा आणि प्रतिजैविकांचा विवेक

पेण किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयातून म्हातारे माणूस घरी परतते, तेव्हा खरी शुश्रूषा सुरू होते आणि ती कित्येक वर्षे चालते. मुले मुंबई-ठाण्याला, गावी अंथरुणाला खिळलेली आई आणि तिच्या उशाशी सून किंवा पगारी मावशी, हे चित्र या तालुक्यांत घरोघरी दिसते. काही जण वृद्धाश्रमांत राहतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम अपेक्षित आहे. अशा घरांत आणि आश्रमांत प्रतिजैविके कधी द्यावीत आणि कधी देऊ नयेत, हा या अभ्यासशाखेचा विषय आहे.

तिचे मर्म लघवीच्या एका रिपोर्टात सापडते. आजी दोन दिवस चिडचिड करतात, लघवी गढूळ दिसते, वास येतो. तपासणीत जंतू निघतात आणि कोर्स सुरू होतो. पण दीर्घ शुश्रूषेतल्या वृद्ध स्त्रियांपैकी पाव ते निम्म्या जणींच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जंतू असतात. कायमचा कॅथेटर असेल तर जवळजवळ प्रत्येकाच्या. त्यांना औषध देऊन काही साधत नाही. मे महिन्याच्या उकाड्यात पाणी कमी पडणे, बद्धकोष्ठ, नवी झोपेची गोळी, ही कारणे आधी पाहावी लागतात. मात्र ताप, थंडी वाजणे, लघवीला नव्याने जळजळ, कॅथेटर असलेल्या रुग्णाला अचानक भ्रम होणे, धाप लागणे, यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांना लगेच बोलवायचे.

विनाकारण दिलेल्या कोर्सची किंमत जुलाबांत, थकलेल्या मूत्रपिंडांत आणि पुढे औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंत मोजावी लागते. ते जंतू शुश्रूषा करणाऱ्याच्या हातांवरून शेजारच्या खाटेवर जातात.

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागले, तेव्हा चिंता तुटवड्याची होती. आता ती अतिवापराची आहे. १ मार्च २०१४ पासून औषध नियमांच्या अनुसूची एच-१ मधल्या औषधांची, त्यांत काही प्रतिजैविकेही आली, विक्री मेडिकलवाल्याला वेगळ्या वहीत नोंदवावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. नियम योग्यच आहे, पण तो दुकानाच्या काउंटरवर थांबतो. खाटेजवळचा निर्णय त्याच्या आवाक्यात येत नाही.

त्यासाठीचे सर्वांत परिचित निकष कॅनडातील मार्क लोब आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडले. ते परिचारिका हाताशी असलेल्या शुश्रूषागृहांसाठी होते. आपल्याकडे डॉक्टरांचे डोळे म्हणजे मावशीच. म्हणून तिच्या निरीक्षणाला शास्त्रीय पुरावा मानणे ही माझ्या मते आपल्याकडच्या अभ्यासाची पहिली पायरी आहे.

विद्यार्थ्यांनो, परिचारिकांनो, घरच्यांनो, या विषयात तुमचे मनापासून स्वागत आहे. पुढची प्रकरणे वाचण्याआधी रुग्णाच्या खाटेजवळ एक वही ठेवा. ताप, पाणी, लघवी, शौच आणि बोलण्यातला बदल रोज लिहा. डॉक्टर आले की रिपोर्टाआधी ती वही त्यांच्या हातात द्या.