स्मृती, आत्मचरित्रात्मक : वयानुसार होणारे बदल

स्वतःच्या आयुष्यातील प्रसंगांची आठवण. वाढत्या वयात ती नुसती क्षीण होत नाही; कोणत्या काळातले किती आठवते आणि त्यात तपशील किती, अर्थ किती, हे प्रमाण बदलते.

अभ्यासपद्धती : फ्रान्सिस गॉल्टनने १८७९ मध्ये ७५ शब्दांची यादी केली. एकेक शब्द पाहून मनात काय येते ते तो टिपत गेला आणि सुमारे महिन्या-महिन्याच्या अंतराने हे चार वेळा केले. ज्या आठवणींचा काळ ठरवता आला, त्यांपैकी ३९ टक्के बालपण-तारुण्यातल्या, ४६ टक्के प्रौढपणातल्या आणि अवघ्या १५ टक्के अलीकडच्या निघाल्या. सत्तावन्न वर्षांच्या एकाच माणसाचे हे आकडे असले, तरी या विषयातले हे पहिले मोजमाप असल्याने त्याचे मोल मोठे आहे. क्रोविट्झ व शिफमन यांनी १९७४ मध्ये ही पद्धत पुन्हा वापरात आणली.

तारुण्याचा उंचवटा : रुबिन, वेट्झलर व नेब्स (१९८६) यांनी दाखवले, की मध्यम व उतारवयातील माणसांच्या आठवणींच्या आलेखात साधारण दहा ते तीस वर्षे या वयावर उंचवटा येतो. कारणांबाबत मतभेद आहेत : पहिलेपणाचे अनुभव, ‘मी कोण’ हे ठरण्याचा काळ, की आयुष्याचे टप्पे ठरवणारे सामाजिक संकेत? मोठेपणी देशांतर केलेल्यांत हा उंचवटा देशांतराच्या वर्षांकडे सरकलेला आढळला आहे.

तपशील व अर्थ : उतारवयात स्थळ, वेळ, संवेदना यांचे तपशील घटतात; प्रसंगाभोवतीची सामान्य माहिती वाढते (लेव्हिन व सहकारी, २००२). याला केवळ ऱ्हास म्हणणे अन्यायाचे आहे.

मराठी साधने : लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांची स्मृतिचित्रे १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. साठी उलटलेल्या लेखिकेने त्यांत बालपण, लग्न आणि पती नारायण वामन टिळकांच्या १८९५ मधील धर्मांतरानंतरची ताटातूट संवादांसह उभी केली आहे. अशा आठवणी वर्षानुवर्षे सांगितल्या जाऊन घाटदार होतात. त्यामुळे त्यांतल्या शब्दन् शब्दाला पुरावा मानता येत नाही, पण कोणते प्रसंग टिकले याचा त्या उत्तम पुरावा आहेत. मानसशास्त्रज्ञांनी मराठी आत्मचरित्रांकडे या दृष्टीने पाहायला हवे.

भावना : वृद्धांना सुखद गोष्टी तुलनेने अधिक आठवतात, असे काही प्रयोग सांगतात, पण सर्वत्र तसे आढळत नाही.

मेंदूतील बदल : पाहा हिप्पोकॅम्पस.